दोन्ही नावांनी ओळखतो

कार्ड आलं. त्यावर तिचं नाव होतं, बोट फिरवलं तर हाताला लागावं इतकं ठसठशीत. पण हे आता वाचकांनी विसरून जायचं आहे, कारण अजून काहीच झालेलं नाही. मंगळवारची सकाळ आहे, ती बँकेच्या तीन नंबरच्या खिडकीपुढे उभी आहे, आणि खिडकीमागच्या बाई विचारताहेत, "खातेदार स्वतः का नाही आले?"

"मीच खातेदार."

बाईंनी जुन्या कार्डाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. अंगात कामाचा निळा ड्रेस, खिशात टेस्टर, कानात बारीक रिंगा, वेणी टोपीखाली कोंबलेली.

"यावर तर पुरुषाचं नाव आहे."

"ते माझं जुनं नाव. तेच बदलायचंय."

"मग त्यांची सही लागेल."

"करते की."

"तुमची नाही हो, त्यांची."

"बाई, ते म्हणजे मीच."

"असू द्या ना. पण एकदा त्यांना समक्ष घेऊन या, म्हणजे तुमचंही काम होईल आणि त्यांचंही."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिला बसायला खुर्चीसुद्धा दिली. फक्त त्यांच्या यंत्रात एका माणसाची दोन माणसं झाली होती, आणि त्यांतलं एक आज गैरहजर होतं.

दुसरं कोणी असतं तर आवाज चढवला असता. तिला मात्र गंमत वाटली. ती अठरा वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होती. लिफ्ट बंद पडली की रहिवासी बटणं बडवतात, वॉचमनवर खेकसतात. ती दाराला कान लावून ऐकते. आत कुठेतरी काहीतरी आपल्या परीने अगदी बरोबर वागत असतं, म्हणूनच सगळं अडलेलं असतं, हा तिचा अनुभव होता.

शिवाय या बँकेची लिफ्टही तीच सांभाळायची. दर महिन्याला लिफ्टच्या वहीत 'तपासली, सुरक्षित आहे' असं लिहून खाली नव्या नावाने सही करायची, आणि मॅनेजरसाहेब त्या सहीवर विसंबून रोज सहाव्या मजल्यावर जायचे. म्हणजे तिचं नाव सहा मजले उंच चालत होतं. तळमजल्यावर तेवढं चालत नव्हतं.

जुन्या कार्डाने तिला नाना सोंगं करायला लावली होती. दुकानदार कार्ड उलटसुलट करून विचारायचा, "मिस्टरांचं का?" पहिल्यांदा तिने खरं सांगितलं, तर त्याने मागच्या माणसाला बोलावलं, मागच्याने मालकाला. तेव्हापासून ती "हो, मिस्टरांचं" म्हणायची. असं करत करत ती तीन वर्षं स्वतःचीच बायको होऊन बसली होती. नवरा तसा बरा होता. पण एका दुकानात "एकदा घेऊन या की साहेबांना" म्हणाले, तेव्हापासून ते दुकान तिने सोडलं.

बाईंनी शेवटी मार्ग काढला. "आधी ओळखपत्रावर नाव बदलून आणा. आम्ही ते बघून बदलतो."

ओळखपत्राच्या कचेरीतले गृहस्थ म्हणाले, "नवीन नावाचा एखादा पुरावा? बँकेचं काही?"

"बँक म्हणते, आधी तुमचं."

"बरोबरच म्हणते," ते कौतुकाने म्हणाले.

ती तिथेच बाकावर बसली. तिच्या धंद्यात याला नाव नव्हतं, पण दुखणं रोजचं होतं. एका मजल्याचं दार जरी नीट लागलेलं नसेल तरी लिफ्ट जागची हलत नाही. वरचे म्हणतात खाली बघा, खालचे म्हणतात वर बघा. मिस्त्रीने जिने चढत एकेक दार ढकलून बघायचं असतं. ती पुन्हा उठली आणि गृहस्थांना म्हणाली, "ज्याच्याकडे कुठलाच पुरावा नाही, असा माणूस आजवर कधी आलाच नाही का?"

गृहस्थांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग खणाच्या तळातून एक छापील कागद काढला. "रक्ताच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र. 'मी अर्जदारास दोन्ही नावांनी ओळखतो.' खाली सही. मग काही अडत नाही. कोण आहे घरी?"

"वडील."

"मग झालंच की!"

तिने कागद घडी करून खिशात ठेवला. उघडं दार कुठल्या मजल्यावर आहे ते तिला कळलं होतं.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ती आणि बाबा. बाबा पस्तीस वर्षं एका कचेरीत पत्रव्यवहार बघायचे. ते निवृत्त झाले, त्यांची भाषा झाली नाही. आजूबाजूचे लोक अजून त्यांच्याकडून अर्ज लिहून नेत. तीन वर्षांपूर्वी तिने त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, "नोंद घेतली आहे" म्हणाले आणि आत गेले. तेव्हापासून ते तिच्याशी कचेरीच्या भाषेत बोलत. "चहा घेण्यात यावा." "छत्री सोबत ठेवण्यात यावी." त्यात आला-आली करावं लागत नाही. आणि हाक मारायची वेळ आली की ते खोकत. एकदा खोकले तर इकडे ये, दोनदा खोकले तर तुझा फोन वाजतोय. एकदा त्यांना खराखुरा खोकला झाला, तर ती दिवसभर आतबाहेर पळत होती.

त्या संध्याकाळी बाबांनी प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"सही करता येणार नाही."

"का?"

"मजकूर खोटा आहे. 'दोन्ही नावांनी ओळखतो.' मी ओळखत नाही."

"मला ओळखत नाही?"

"तुला ओळखतो. पण त्या नावाने कधी हाक मारलेली नाही. मग शपथेवर कसं लिहू? पस्तीस वर्षांत खोटी ओळ लिहिली नाही."

"मग मारा ना एकदा."

"कागदापुरती मारलेली हाक ग्राह्य धरता येत नाही."

चिडायला हरकत नव्हती. पण बाबा 'तुला' म्हणाले होते. 'सदर व्यक्तीला' नव्हते म्हणाले. ती लिफ्टच्या दाराकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघत राहिली. कधी कधी दार बाहेरून पूर्ण लागलेलं दिसतं, पण आतले जुळायचे दोन पत्रे एकमेकांपासून नखभर लांब असतात. तिथे धडका मारून उपयोग नसतो. खोबणीत काहीतरी अडकलेलं असतं, बहुतेक वेळा शर्टाच्या बटणाएवढं. ते शोधायचं.

"काही विचारायचं राहिलंय का, बाबा?"

बाबांनी चष्मा पुसला. दोन्ही काचा. "हे नाव आणलं कुठून? तीन वर्षं विचारीन म्हणतोय."

"लिफ्टच्या खड्ड्यात सापडलं."

"नीट सांग."

तिने नीट सांगितलं. लिफ्टच्या तळाशी खड्डा असतो. दाराच्या फटीतून लोकांच्या किल्ल्या, पेनं, कानातली त्यात पडतात. कामाला लागली त्या पहिल्याच वर्षी एका इस्पितळाच्या खड्ड्यात तिला छातीवर लावायचा बिल्ला सापडला. त्यावर नुसतं नाव, आडनाव नाही. कोण्या नर्सचा असेल. वाचलं, आणि मागून कोणीतरी हाक मारल्यासारखी ती वळली होती.

"मग? तसाच ठेवून घेतलास?" बाबांचा स्वर कडक झाला.

"नाही. तळमजल्यावर फळ्यावर चिठ्ठी लावली. 'बिल्ला सापडला आहे, ओळख पटवून न्यावा.'"

"किती दिवस?"

"एकतीस."

"कोणी आलं?"

"कोणी नाही. मग हत्यारांच्या पेटीत ठेवला. पंधरा वर्षं तिथेच होता."

बाबांनी मान हलवली. कार्यपद्धतीत खोट नव्हती. मग म्हणाले, "मला कळवायला हवं होतं. त्याच वेळी."

"कळवलं असतं तर हरकत घेतली असती?"

बाबा खोटं बोलत नसत. "घेतली असती." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता मुदत उलटून गेली."

कागद मेजावर पडून राहिला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार बाबा खोकलेही नाहीत. दाढी करताना त्यांचे ओठ हलताहेत असं तिला एकदा वाटलं, पण ठोकाठोक चालली होती, नीट ऐकू आलं नाही. खालच्या मजल्यावर कोणीतरी पत्रा ठोकत होतं.

शनिवारी ती मोरीत हातांचं ग्रीस काढत होती. आतल्या खोलीतून हाक आली. त्या नावाने. सुरुवातीला जरा घासत, घशातल्या खोकल्याला बाजूला सारत, पण पूर्ण.

ती साबणाच्या हातांनीच धावली. "काय झालं?"

"काही नाही. चष्मा सापडत नव्हता."

चष्मा नाकावर होता.

"बरं," ती म्हणाली.

त्या दिवशी चष्मा चार वेळा हरवला. रविवारी सहा वेळा, एकदा तर त्यांनी तो हातात धरून हाक मारली. सोमवारी सकाळी कागद मेजावर होता. सही ठळक, तारीख आजची, आणि 'दोन्ही' या शब्दाखाली शाईची रेघ.

पुढचं, सगळी दारं नीट लागलेल्या लिफ्टसारखं सरसर झालं. गृहस्थांनी ओळखपत्र दिलं, बाईंनी ते बघून अर्ज घेतला. "ते नाहीच आले शेवटी?" असं विचारलं. "आले होते, मीच पाठवून दिलं," असं तिने सांगितल्यावर त्या समाधानाने हसल्या. मग तिसऱ्या आठवड्यात कार्ड आलं, ज्याबद्दल आपल्याला अजून काहीच माहीत नाही. बाबांनी ते उजेडात धरलं, अक्षरांवरून बोट फिरवलं, स्पेलिंग तपासलं. "बिनचूक आहे," म्हणाले, आणि चहा घेण्यात यावा असं न म्हणता, "चहा घेतेस?" म्हणून स्वयंपाकघरात गेले.

बँकेने जुनं कार्ड कापून टाकायला सांगितलं होतं. कात्री बाबांच्या खणात असायची. खण ओढला तर कात्रीखाली एक आखीव कागद होता, त्यांच्या वळणदार अक्षरातला. खाडाखोड बरीच. स्वयंपाकघरात कपांचा आवाज होत होता. तिने उभ्याउभ्याच वाचलं.

*प्रति,*
*संबंधित अधिकारी (जे कोणी असतील ते).*

*विषय: हाकांच्या मूळ नोंदीत दुरुस्ती होण्याबाबत.*

*महोदय,*
*मी माझ्या मुलीस जन्मापासून चौतीस वर्षे जुन्या नावाने हाका मारल्या व त्यापुढील तीन वर्षे मारल्याच नाहीत. तरी शाळेच्या फाटकाशी, तिच्या तापात, पहिल्या पगाराच्या दिवशी, तसेच तिची आई गेली त्या सकाळी मारलेल्या सर्व हाका नवीन नावानेच मारल्या होत्या असे वाचण्यात यावे, आणि खोकल्यांच्या जागी हाका धरण्यात याव्यात, ही नम्र विनंती.*