भुऱ्याची दौड

घरचा म्हातारा कुत्रा भुऱ्या पुन्हा सायकलबरोबर पळायला लागला तेव्हा आप्पांना आभाळ ठेंगणं झालं.

"बघितलंस? डॉक्टर म्हणे हळूहळू चालवा! रोज पळवला आणि गडी तयार." सायकल भिंतीला लावत ते लेकीला म्हणाले, "तूही ये उद्यापासून. प्रयोगशाळेत बसून बसून तूच म्हातारी दिसायला लागलीस."

जन्मभर शाळेत कवायत शिकवलेले आप्पा कुत्र्यालाही विद्यार्थीच समजत. भुऱ्या पिल्लू होता तेव्हा, हाडं कोवळी आहेत, अंगाने भरेपर्यंत त्याला दामटायचं नाही, असं त्यांनीच घरात बजावलं होतं. म्हातारपणी तोच नियम लावणं मात्र त्यांना मान्य नव्हतं. "एकदा बसला की बसलाच," ते म्हणत.

 रोज सकाळी लेक भुऱ्याच्या खाण्यात सांधेदुखीची गोळी कुस्करून घालत होती. आप्पांना गोळ्यांचा तिटकारा. आईच्या आजारपणात घरभर गोळ्याच होत्या. ती गेल्यावर उरलेल्या त्यांनी स्वतः फेकून दिल्या होत्या. म्हणून ही लपवाछपवी. डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं: गोळीने दुखणं थांबेल, झिजलेला सांधा भरून येणार नाही. दुखेनासं झालं की तो धावू बघेल, तेव्हा आवरा. पण आप्पांना आवरायचं तर गोळीचं सांगणं आलं. आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच ते जेवताना बोलू लागले होते. उद्या सांगू, असं ती रोज ठरवायची.

एका सकाळी आप्पा चालतच परतले. भुऱ्या त्यांच्या दोन्ही हातांवर होता. मागचा एक पाय नुसताच लोंबत होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गुडघा चाचपला. "सांधा धरून ठेवणारा आतला बंध तुटलाय. काय केलंत? सायकलबरोबर पळवलंत? या वयात, डांबरी रस्त्यावर, गोळ्या चालू असताना?"

"कसल्या गोळ्या?" आप्पांनी विचारलं.

भुऱ्या त्यांचं मनगट चाटत होता.

"मी देत होते, आप्पा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "मी त्याला शाब्बास म्हणत होतो."

भुऱ्याचं हृदय भूल सोसणार नव्हतं, त्यामुळे शस्त्रक्रियेचा प्रश्नच मिटला. डॉक्टरीणबाईंनी दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं. पोटाखालून टॉवेल घालून मागचं अंग उचलून धरायचं, शू-शीपुरतं अंगणात न्यायचं, बास.

घरी आल्यावर लेकीने टॉवेल घेतला.

"आण इकडे," आप्पा म्हणाले.

"वाकवणार नाही तुम्हाला."

"आण म्हणतो ना."

अंगणात भुऱ्याचं उरकलं. मग इंजेक्शनचा अंमल चढला असावा. त्याने कान टवकारले आणि पुढच्या दोन पायांनी फाटकाकडे ओढ घेतली. शेपूट हलायला लागलं.

"आप्पा, आत आणा त्याला."

"त्याला दुखत नाहीये गं," आप्पा म्हणाले, आणि टॉवेल मुठीत आवळून त्याला मागे ओढत राहिले.