आता सॅक्सोफोन

रेकॉर्डवर सुई टेकली तशी गोकुळदासांनी रिकामी मूठ ओठांशी धरली. समोर पाटावर बसलेल्या तीन वर्षांच्या तुषारनेही धरली.

"बघ गो सुमंगला, ट्रम्पेट," ते सुनेला म्हणाले. "नातवाक माझ्या सांगूक नको."

मुंबईच्या हॉटेलात वेटर असताना ट्रे हातात घेऊन ते जॅझ ऐकत उभे राहत. नोकरी सुटली तेव्हा तिथल्या बॅंडवाल्याने ही जुनी विलायती रेकॉर्ड दिली. ट्रम्पेट म्हणणं अर्ध्यावर सोडतो, सॅक्सोफोन ते उचलून दूर नेतो, पियानो मधल्या जागेत दोनच थेंब टाकतो. कुणी कुणाच्या बोलण्यात शिरत नाही.

सुमंगलाचा नवरा पांडुरंग खाणीवरून येऊन दारात लाल धुळीचे बूट काढत होता.

"कोकणी राजभाषा झाली म्हणून काय झालं? याला मराठी बालवाडीतच घालायचा."

"तो अजून एक शब्द बोलत नाही," सुमंगला म्हणाली. "उद्या पणजीला कानाच्या डॉक्टरकडे..."

"परत तेंच! बाजे वळखणारो पोर बहिरो? आमच्या घरात सगळे उशिराच बोलले." टॉवेल खांद्यावर टाकून तो विहिरीकडे गेला.

सकाळी तिने मुलाच्या पाठीमागे तांब्याची कळशी मुद्दाम पाडली होती. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. तुषार खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत राहिला.

ती प्लेअरपाशी गेली. दोघांकडे पाठ करून आवाजाचं बटण हळूहळू शून्यापर्यंत फिरवलं. रेकॉर्ड नुसतीच फिरू लागली.

मागे वळली. गोकुळदासांची मूठ खाली आली, दोन्ही हातांची बोटं हवेत चालू लागली. सॅक्सोफोन. त्यांच्या हातांवर डोळे खिळवून तुषारचीही चालू लागली.

आवाज का गेला, असं त्यांनी विचारलं नाही.

"कधीपासून ठाऊक आहे, बाबा?"

"चवथीच्या फटाक्यांपासून."

"आणि बोलला नाहीत?"

त्यांची बोटं चालूच होती. "मी थांबलंय तर तो खंय बघतलो?"

मग त्यांनी हात मांडीवर ठेवले. तुषार थांबला. आजोबांकडे, मग आईकडे बघत राहिला.

सुमंगला त्याच्यासमोर खाली बसली. दोन्ही हात उचलून तिने हवेत ड्रम वाजवला. तुषार हसला आणि पाटावर थाडथाड हात मारू लागला.

विहिरीवरून पांडुरंगची हाक आली.

"बघितलंस मगे? ड्रम वळखल्यान!"

सुमंगलाने हवेतला ड्रम चालूच ठेवला. तुषार तिच्या हातांकडे बघत होता.