कुंकवाखालचा गंज

मित्रांनो, मी एक जुना दांडपट्टा आहे आणि स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही. माझ्या शेजारच्या खुंटीवर एक वाकडी तलवार आहे. ती म्यानात शिरून दिवसभर झोपा काढते. माझे पाते लांब, सरळ आणि लवलवते. कुणी दार आपटले तरी मी थरथरतो. तेव्हा माझी गोष्ट मी भराभर सांगितली तर रागावू नका.

माझे पाते या मुलखातले नव्हे. ते समुद्रापलीकडे घडले आणि गोव्याच्या बाजूला जहाजातून उतरले. अशा पात्यांना आपले लोक फिरंग म्हणत. तिकडचे लोक सरळ तलवारीने भोसकत, आपल्याकडे सपकन कापण्याची आवड जास्त. म्हणून करमाळ्याच्या एका शिकलगाराने, म्हणजे हत्यारे घडवून धार लावणाऱ्या कारागिराने, माझी जुनी मूठ काढून टाकली आणि तिथे कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा बसवला. त्याच्या आत आडवी मूठ असते. ती धरली की मनगट वळत नाही. मग खांदा, कंबर, पाय असे सगळे अंगच माझ्याबरोबर गरगर फिरवावे लागते. मला ते फार आवडते.

चहूबाजूंनी वेढलेला माणूस मला हातात चढवून वाट काढी, असे ते दिवस होते. पुढे बंदुका वाढल्या, इंग्रज आले, हत्याराला परवाना लागू लागला. माझे कितीतरी भाऊबंद भट्टीत जाऊन विळे-कोयते झाले. मी वाचलो तो सोलापूरच्या एका तालमीमुळे. तिथले वस्ताद ईश्वरप्पा सकाळी गिरणीचा भोंगा वाजायच्या आत मला हातात चढवत. त्यांचा मेहुणा बिरप्पा मातीत उताणा झोपे. त्याच्या गळ्यावर लिंबू ठेवलेले असे. वस्ताद फिरत फिरत येत आणि लिंबाच्या दोन फोडी करत. बिरप्पाच्या कातडीवर ओरखडासुद्धा उठत नसे. लोक वस्तादांना शाबासकी देत, आणि मी मनातल्या मनात ती अर्धी वाटून घेई.

खंडेनवमीला माझी पूजा होई. ती वस्तादांची बायको, म्हणजे बिरप्पाची थोरली बहीण ईरम्मा करी. हळद, कुंकू, फुले आणि वर फोडलेल्या नारळाचे पाणी! ते पाणी ओघळत थेट खोबळ्यात शिरे आणि आत मुरे. करमाळ्याच्या त्याच शिकलगाराच्या घराण्यातला लालसाब मला धार लावायला येई. त्याने एकदा सांगून पाहिले.

"वहिनी, पूजा झाली की पुसून घ्या, तेल लावा. लोखंडाला पाणी सोसत न्हाय."

ईरम्मा दचकली. "सवाशिणीनं कुंकू कसं पुसायचं, लालसाबभाऊ? ह्यांच्या हातातलं हत्यार हाय त्ये. असलं बोलू नगा."

लालसाबने नुसती धार लावून दिली. खोबळा खोलून बघायचे म्हणजे कुंकू पुसणे आलेच, म्हणून तेही राहून गेले. मायेपुढे कुणाचे चालते? वर्षामागून वर्षे कुंकवावर कुंकू चढत गेले आणि खाली गंज चढत गेला. दोघांचा रंग एकच, तांबडा. कुणाला काय कळणार?

मला मात्र कळत होते. पाते खोबळ्यात शिरते तिथे आधी खाज सुटली, मग ठणका लागला, मग एके दिवशी आतून तडा गेला. इंग्रजांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉ उठून काही वर्षे झाली होती. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत खेळ करायची परवानगी तालमीला मिळाली होती. रोज सराव चाले, आणि रोज माझे टोक किंचित उशिरा पोचे. मी डुगडुगत होतो, वेडावाकडा वाजत होतो. मित्रांनो, मला तोंड नव्हते याचे इतके दुःख कधी झाले नाही!

वस्ताद खूश होऊन म्हणाले, "आज पट्टा लई जोरात हाय की!"

"व्हय, अंगात आलंय त्याच्या," बिरप्पा मातीत पडल्या पडल्या हसला.

माझ्या अंगात काही आले नव्हते. माझे पाते निसटणार होते, आणि ते कुणाच्या गळ्यावर निसटेल हे मला दिसत होते.

खेळाच्या दिवशी ईरम्मा घरी वस्तादांचा सरावाचा सदरा धूत होती. खोबळ्यात जाणाऱ्या बाहीवर तांबडा डाग होता. कुंकू असेल म्हणून तिने चोळला, आपटला, पुन्हा चोळला. कुंकू असते तर गेले असते. हा डाग तपकिरी होऊन तसाच राहिला. असला गंजाचा डाग तिने बादलीच्या कडीखाली पाहिला होता. ओला सदरा हातात घेऊन ती तशीच जत्रेकडे पळत सुटली.

तिथे रिंगण भरले होते. बिरप्पाच्या गळ्यावर लिंबू होते. वस्तादांनी पहिली गिरकी घेतली, आणि ईरम्मा रिंगणात शिरली.

"थांबा!"

वस्ताद थबकले. "अगं, मधी कुटं आलीस? काय झालं?"

तिने उत्तर दिले नाही. तिने मला धरले, डोळे मिटले आणि पदराने माझ्यावरचे कुंकू खसाखसा पुसून काढले. गर्दीतल्या बायका 'अगं बया!' म्हणून ओरडल्या. लालसाब गर्दीतून पुढे आला. त्याने मला वस्तादांच्या हातातून उतरवले आणि पाते अलगद वाकवले. उसाचे कांडे मोडावे तसा आवाज झाला आणि माझे पाते त्याच्या हातात राहिले.

मग बिरप्पाने गळ्यावरचे लिंबू आपल्याच हाताने उचलले आणि उठून बसला. "अक्का," एवढेच तो म्हणाला.

आता मी तोकडा झालो आहे. लालसाबने उरलेले पाते घासून पुन्हा बसवले, पण खेळात मला कुणी नेत नाही. सकाळी भोंगा झाला की अजून माझे अंग वळवळते. मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला नुसते पुजू नका. त्याला अधूनमधून पुसून बघा, खाली काय दुखते ते पाहा.

खंडेनवमीला ईरम्मा अजूनही मला कुंकू लावते. आरती झाली की स्वतःच पुसते आणि खोबळ्यात बोट घालून तेल चोळते. मग हात धुऊन करंडा उघडते आणि आपल्या कपाळावरचे कुंकू पुन्हा ठसठशीत करते.