पाठ टेकलेली पोरगी

अकोल्याच्या एसटीत पार्बताबाई खिडकीशी बसली होती आणि शेजारी नात आचल, मांडीवर बॅग घट्ट धरून. बॅगेत तो जाड पांढरा कोट आणि पट्टा. आज अकोल्यात आचलची कुस्ती होती. कुस्ती म्हणजे ते जुजुत्सू, ब्राझील नावाच्या देशातून आलेलं. पार्बताबाईनं आपल्या मुलाला, श्यामला, साऱ्या घरासमोर बजावलं होतं: आठवडाभर मी स्वतः तिच्या तालमीत जाऊन बसते, आणि रविवारी ह्या पोरीनं नूरा केला असं मला दिसलं, तर तो कोट चुलीत जाईल आणि पोरगी शेवंतीच्या वाफ्यात येईल.

नूरा म्हणजे जाणूनबुजून सोडलेली कुस्ती. वलगावच्या त्या घरात हा शब्द थट्टेतही कोणी काढत नसे. पार्बताबाईचे मालक महादेवराव पैलवान होते. कौंडण्यपूरच्या जत्रेपासून चांदूर बाजारपर्यंत त्यांचं नाव होतं. बाईमाणूस म्हणून पार्बताबाई आखाड्याच्या कडेला कधी बसली नाही, पण पैलवानांच्या पंगती वाढता वाढता तिनं इतक्या कुस्त्या ऐकल्या होत्या की आपल्याला न कळणारं त्यात काही उरलेलं नाही अशी तिची खात्री होती. आणि ती खात्री चुकीची आहे असं तिला सांगायची वलगावात कोणाची छाती नव्हती.

मूर्तिजापूर मागं पडलं. मग पार्बताबाईनं सरता आठवडा उपसायला घेतला, वरची टवटवीत फुलं बाजूला सारून टोपलीच्या तळाशी काय सडलंय ते पाहावं तसा.

सोमवारी ती बाजारातून उरलेल्या शेवंतीसकट आचल शिकायची त्या गाडगेनगरच्या हॉलमध्ये थेट गेली होती. शिकवणारा कुंदन सर मूळचा अकोल्याचा. कोरलेली दाढी, गोड बोलणं. त्यानं लगबगीनं खुर्ची आणून दिली. ओळख ना पाळख, आणि आधी खुर्ची पुढं करणारा माणूस पार्बताबाईला कधीच आवडला नाही. ती हार ओवत बसली. आचल गादीवर आली, समोरच्या पोरीच्या हाताला हात लावला आणि चक्क खाली बसली. बसली ती बसली, वर उताणी झाली. कोणी पाडलं नाही, कोणी ढकललं नाही. सुई पार्बताबाईच्या बोटात गेली. पाठ टेकली की कुस्ती संपली, हलगी थांबली, माणसानं मान खाली घालून निघावं, हे तिला ठाऊक. इथं पोरगी आपल्या पायानं येऊन पाठ टेकत होती आणि वर कुंदन म्हणत होता, शाबास.

विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं. रात्री जेवताना आचलनंच विषय काढला.

"आजी, आमच्यात पाठ टेकली तं हार नाई होत. खालूनच तं डाव सुरू होते."

"हारनारा असंच म्हनते," पार्बताबाई म्हणाली आणि तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी तिला ते थापटणं दिसलं. एकीनं आचलचा गळा आवळला, आचलनं गादीवर हातानं थपथप केलं आणि ती पोरगी लगेच बाजूला झाली. थोड्या वेळानं त्या पोरीनं थापटलं, आचलनं सोडलं. म्हणजे इशारा ठरलेला. वरून दोघी हसत होत्या, एकाच बाटलीतलं पाणी पीत होत्या. महादेवरावांनी आपल्याला पाडणाऱ्याच्या घरचा चहासुद्धा घेतला नव्हता.

बुधवारी रागिणी आली. कुंदनच्या बहिणीची मुलगी, राहणार अकोला. रविवारी आचलची गाठ हिच्याशीच आणि जिंकेल ती राज्याच्या स्पर्धेला जाणार. हे ऐकलं आणि पार्बताबाईला सगळी माळ एका दोऱ्यात दिसली. मामा गुरू, भाची समोर, आणि आपली पोरगी रोज उताणी पडायचं शिकून राहिली. त्यातून कुंदन आचलच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला आणि तिनं मान हलवली. ऑटोत पार्बताबाईनं आडून आडून काढून घेतलं. सर म्हणाले, श्वास घे. आता श्वास घ्यायला सांगायचं तर इतकं कानात शिरावं लागतं का, हा तिचा प्रश्न होता. तो तिनं मनातच ठेवला.

शुक्रवारी तिच्यानं राहवलं नाही. अंगणात फुलं वाळवायची ताडपत्री अंथरलेली होती. तिनं आचलला त्यावर झोपायला सांगितलं आणि लुगड्याचा ओचा खोचून स्वतः गुडघे टेकले.

"आजी, तुले लागीन."

"मले? फुलाची पोती उचलतो मी. तू आपलं सांभाळ."

तिनं पोरीचे खांदे दाबून धरले. दाबले आणि तिला वाटलं, झालं, एवढंच तर आहे. मग त्या पोरीचे पाय कुठून आले ते तिला सांगता आलं नसतं. एक पाय मानेवरून आला, एक काखेखालून, आणि पार्बताबाईचा हात आचलच्या दोन गुडघ्यांमध्ये सरळ ताणलेला, कोपर नको त्या बाजूला वाकत असलेलं. कळ खांद्यापर्यंत गेली.

"थापट, आजी. थापटलं का सोडीन."

पार्बताबाईनं ओठ मिटले आणि गोठ्याच्या पत्र्याकडं पाहत राहिली. थापटणं तिच्यानं होणार नव्हतं. शेवटी पोरीनंच सोडलं. पार्बताबाई उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, "सुटली का नाई मी?"

"सुटली," आचल म्हणाली.

श्यामला तिनं सांगितलं की पोरीची पकड ढिली आहे, म्हातारं माणूसही निसटतं. दुसऱ्या दिवशी टोपली मात्र तिनं डाव्या हातानं उचलली.

अकोल्याचा हॉल मोठा होता. गर्दीही बरी होती. पार्बताबाईची नजर पोरींपेक्षा कुंदनवर. दोघीही त्याच्याच, म्हणून तो कोणाच्याच बाजूला उभा नव्हता, हात बांधून मधोमध, लांब उभा होता. हेही तिला खटकलं. इतका साळसूदपणा कशाला?

शिट्टी झाली. आचल खाली बसली, रागिणी तिच्यावर आली. आता काय पाहायचं ते पार्बताबाईला कळत होतं. ती पाय पाहत होती. एक पाय मानेवर, एक काखेखाली, आणि रागिणीचा हात सरळ ताणला गेला. अगदी अंगणातलाच डाव. पार्बताबाई उभी राहिली. मागचा कोणीतरी खाली बसा म्हणाला, त्याच्याकडं तिनं अशा नजरेनं पाहिलं की तोच गप बसला.

रागिणीनं थापटलं नाही. ओठ मिटून ती छताच्या पंख्याकडं पाहत होती. तिचं कोपर उलटं वाकत होतं, आणि पंच पलीकडच्या बाजूला. आचलच्या पायाआड त्याला ते दिसत नव्हतं. आचल तिला काहीतरी म्हणाली. रागिणीनं मान हलवली, नाही. आचलनं कंबर अजून थोडी वर उचलली असती तर कोपर मोडून कुस्ती संपली असती.

आचलच्या मुठी उघडल्या. निसटल्या नाहीत, उघडल्या. रागिणी वळून वर आली, छातीवर दाबून बसली आणि वेळ संपेपर्यंत हलली नाही. पंचानं तिचा हात वर केला. दुसरा हात तिनं पोटाशी धरला होता.

कुंदन धावत आला. "लागला होता की डाव, आचल. काय झालं?"

"घसरला सर. घाम होता."

पार्बताबाईनं कुंदनचं तोंड नीट निरखलं. आनंद लपवलेला कुठं दिसतो का, कोपऱ्यात, डोळ्यात, दाढीत. दिसला तो फक्त हिरमुसलेला माणूस. त्यानं तिला जास्तच अस्वस्थ वाटलं.

परतीच्या एसटीत उन्हं कलली होती. आठवडाभर जे पाहायला ती बसली होती, ते डोळ्यांदेखत घडलं होतं, आणि खरी ठरल्याचा आनंद काही येत नव्हता.

"खरं सांग," ती म्हणाली. "घसरला का सोडला?"

आचल बॅगेकडं पाहत राहिली. सोडला म्हटलं की कोट चुलीत, हे दोघींना माहीत होतं. पार्बताबाईचा शब्द घरात आजवर फिरला नव्हता.

"घसरला."

पोरीला खोटंही धड बोलता येईना. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

पार्बताबाई खिडकीबाहेर कपाशीच्या पळाट्या पाहू लागली. महादेवरावांचा उजवा हात कुस्त्यांच्या एका दंगलीत असाच कोणी तरी ओढला होता. ते शरण गेले नाहीत, त्यानं सोडला नाही. गावानं वाजत गाजत आणलं. पुढं मरेपर्यंत तो हात खांद्याच्या वर गेला नाही. सदऱ्याच्या बाह्या पार्बताबाईच घालून देई. ही गोष्ट तिनं किती जणांना छाती फुगवून सांगितली होती. न सोडणाऱ्या त्या माणसाचा राग तिला आज पहिल्यांदा आला, आणि एवढ्या उशिरा आला म्हणून स्वतःचाही.

फोन वाजला. श्याम होता. मागं घरातल्यांचे आवाज येत होते.

"हारली," पार्बताबाई म्हणाली.

 मग श्यामनं दबक्या आवाजात विचारलं, माय, तसं तर काही नव्हतं ना? आचलची बोटं बॅगेच्या चेनवर थांबली.

"घाम होता तिच्या हाताले," पार्बताबाई म्हणाली. "मी पायलं. घसरला."

श्यामनं पुढं विचारलं नाही. मायनं पाहिलं म्हणजे पाहिलं. फोन ठेवल्यावर आचल तिच्याकडं टक लावून पाहत होती. हे असं का केलं, यात आजीचा काय डाव आहे, याचा शोध घेत असल्यासारखी.

"माह्याकडं काय पायतं? त्या कुंदनचा हॉल उद्या किती वाजता उघडते?"

"पाचले."

"मी बाजारातून येईन. तू जा पुढं." पार्बताबाईनं दुखरा हात पदराखाली घेतला. "मले त्या मानसाचा भरोसा अजून नाई आला."