बत्तीस किलोमीटरचं खोटं

रविवारी सकाळी मी अंथरुणातच फोन कानाला लावला, कारण मला स्वतःचं कौतुक ऐकायचं होतं. लपवू कशाला? आदल्या दिवशी मी बत्तीस किलोमीटर पळून आले होते. मॅरेथॉनला तीन आठवडे उरले होते आणि डार्सी शेवटपर्यंत मला सांगत होता, "पाच अडतीस. पाच चाळीस. झकास चाललंय, ओरिसिया." म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं अडतीस सेकंद. या वेगाने पळलं की मॅरेथॉन चार तासांच्या आत संपते.

मी जन्मापासून आंधळी आहे. डार्सी फ्रीझन माझा वाटाड्या. दोन वर्षं आम्ही हातभर पट्ट्याची दोन टोकं धरून विनिपेगच्या रस्त्यांवर शेजारी शेजारी पळतोय. घड्याळ त्याच्या मनगटावर असतं. माझ्याकडे बोलणारं घड्याळ आहे, पण दोन-दोन तोंडं ऐकत पळता येत नाही, म्हणून ते घरीच पडून असतं. त्याच्या घड्याळातली प्रत्येक धाव आपोआप आमच्या क्लबच्या यादीत जाते. ती यादी मी कधी उघडत नाही. डार्सी सांगतो तेवढं मला पुरतं. म्हणजे, पुरायचं.

त्या रविवारी मी ती पहिल्यांदा उघडली, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली बाई तिच्या त्या सुक्या आवाजात वाचू लागली. पहिले दहा किलोमीटर, पाच अठरा, पाच सोळा. बरोबर, तेव्हा मी जोरात होते आणि डार्सी "हळू हो" म्हणत होता. विसाव्यापर्यंत ठीक. मग ती म्हणाली, "बाविसावा किलोमीटर. सहा मिनिटं बारा सेकंद." मला वाटलं, चुकली. "पंचविसावा. सहा छत्तीस. अठ्ठाविसावा. सहा चोपन्न. एकतिसावा. सात मिनिटं वीस सेकंद." एकूण तीन तास अकरा मिनिटं. डार्सीने मला दोन तास अठ्ठावन्न सांगितलं होतं.

मी फोन भिंतीवर फेकला.

"कोण मेलं?" स्वयंपाकघरातून माझा नवरा गॉर्ड ओरडला.

"डार्सी!" मी म्हटलं. "अजून मेला नाही, पण मरणारच आहे."

मी सगळं सांगितल्यावर गॉर्डने फोन उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "तुझं मन राखायला बोलला असेल गं."

बस, याच वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शनिवारी संध्याकाळी मी आईकडे बटाट्याच्या सारणाच्या पेरोगी खात टेबलावर हात आपटून सांगितलं होतं की यंदा चार तासांच्या आत. आई रडली होती. मामाने बाटली उघडली होती. आणि हे सगळं कशावर, तर एका माणसाने माझं मन राखलं त्यावर.

चार तास मला का हवेत, तेही सांगते. गेल्या वर्षी मला चार तास बारा मिनिटं लागली, आणि पेपरात माझा फोटो आला. खाली लिहिलं होतं, प्रेरणादायी. किती वेळ लागला ते कुठेच नव्हतं. माझ्या आगेमागे आलेल्या कुणाला कुणी प्रेरणादायी म्हटलं नाही, त्यांना लोकांनी विचारलं, किती वेळ लागला? चार तासांच्या आत आले तर मलाही तेच विचारतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

राग डार्सीचा होता, तसा स्वतःचाही होता. मी शहराच्या तक्रार केंद्रात फोन घेते. खड्डे, फुटलेले नळ, शेजाऱ्याचं भुंकणारं कुत्रं. दिवसभर लोक माझ्याशी खोटं बोलतात आणि पहिल्या श्वासातच मला ते कळतं. मग डार्सीचं कसं कळलं नाही? खरं तर कळलं होतं. बाविसाव्या किलोमीटरला माझ्या मांड्या दगड झाल्या होत्या, मागून येणारे लोक आम्हाला ओलांडून जात होते. पाय खरं सांगत होते आणि मी डार्सीचं ऐकत राहिले, कारण त्याचं ऐकायला बरं वाटत होतं.

तीन आठवड्यांत दुसरा वाटाड्या मिळणार नव्हता. रविवारभर मी विचार केला, मॅरेथॉनमधून नाव काढून घ्यावं. सोमवारी तसं पत्रही लिहून ठेवलं. फक्त पाठवलं नाही.

मंगळवारी पाच वाजता डार्सी नेहमीप्रमाणे नदीकाठच्या बागेत आला. तो शाळेची बस चालवतो आणि शेवटचं पोर उतरवून थेट येतो. त्याच्या गाडीचं दार वाजताच मी म्हटलं, "एकतिसावा किलोमीटर, सात वीस."

तो थांबला.

"यादीत बघितलंस तर."

"बघितलं नाही, ऐकलं. का केलंस?"

"अगं, तुझा दिवसच वाईट होता. होतं असं. तू मला विचारलंस, 'अजून पाच अडतीसच ना?' तुझा आवाज कसा होता माहितेय? मी काय बोलणार होतो?"

"सहा बारा म्हणायचं होतंस!"

"तू तिथेच बसली असतीस."

"मग बसले असते! माझं बूड, मी कुठेही टेकवीन! डार्सी, दिवस वाईट होता ना, मग तो माझा होता. मला त्याच्यावर चिडायचं होतं, घरी जाऊन रडायचं होतं, काय चुकलं ते शोधायचं होतं. तू मला बसमधल्या पोरासारखं 'आलंच हं घर' करत आणलंस. डोळस माणसाशी असं वागला असतास?"

"त्यांच्या हातात स्वतःचं घड्याळ असतं," तो हळूच म्हणाला.

"हो ना!"

मी पट्टा पुढे केला. "दहा किलोमीटर. आकडे खरे सांगायचे. आणि मनात येईल तेही. नाहीतर मी घरी जाऊन नाव काढून घेते. पत्र लिहून तयार आहे."

आम्ही निघालो. वारा समोरून होता. डार्सी पडक्या आवाजात, माफी मागितल्यासारखे आकडे सांगत होता. "पाच पंचवीस." "पाच बावीस. जरा हळू." मी हळू झाले नाही. डोक्यात राग होता आणि पायांत तोच होता. पट्टा मी पुढे ओढत होते. "पाच एकोणीस. ओरिसिया, हळू." मी आणखी ओढलं. चौथ्या किलोमीटरला वाटेत बदकांचं कुटुंब होतं, तो मला डावीकडे घेऊ लागला आणि मी हट्टाने सरळच गेले. एक बदक फिस्कारत अंगावर आलं, माझा पाय मुरगळता मुरगळता वाचला.

आणि डार्सी फुटला.

"मूर्ख बाई!" तो इतक्या जोरात ओरडला की मी दचकून उभी राहिले. "शनिवारीही हेच केलंस! दहा किलोमीटर माझा खांदा उखडत पळालीस! दहादा हळू म्हटलं, दहादा हसलीस! वाईट दिवस काही आभाळातून पडला नाही, तू स्वतः ओढवून घेतलास! दोन वर्षं हेच चाललंय आणि दोन वर्षं मी गिळतोय, कारण आंधळ्या बाईवर ओरडणार कोण!"

आजूबाजूची पावलं थांबली. एका बाईचा आवाज आला, "अहो, काही लाज? असं बोलतात का तिच्याशी?"

"तुम्ही तुमच्या वाटेने जा!" मी तिच्यावर खेकसले. "त्याला बोलू द्या! बोल, डार्सी. आणखी काय?"

ती बाई काहीतरी पुटपुटत गेली. डार्सी धापा टाकत होता.

"आणखी हे," तो म्हणाला, आता ओरडत नव्हता. "चार तास होणार नाहीत. या वर्षी नाही. मला मार्चपासून माहिती आहे. पहिल्यापासून सारख्या वेगाने पळालीस तर चार पाच होतील. चार तास पाच मिनिटं. तेही माझं ऐकलंस तर."

मी म्हटलं, "चार दोन."

"चार पाच."

"चार तीन तरी?"

"ओरिसिया, चार पाच."

खोटं नव्हतं. पहिल्या श्वासातच कळलं. मी तिथेच वाटेवर उभी राहून रडले, मोठ्याने, नाक वाहत. तो काही समजूत घालायला आला नाही. त्याने फक्त पट्ट्याचं दुसरं टोक धरून ठेवलं. आईला काय सांगायचं, मामाला काय सांगायचं, असे विचार येत होते, आणि पेपरवाल्यांचा तो शब्द पुन्हा छापून येणार, याचा भयंकर राग येत होता.

मग मी बाहीने तोंड पुसलं आणि निघाले.

"पाच चोवीस," डार्सी खेकसला. "हळू!"

त्याला, पेपरवाल्यांना आणि त्या बदकाला शिव्या घालत मी हळू झाले.