देवमाशाचा दात पुढे ठेवण्याआधी

"निकाल हातात येईपर्यंत कुणाच्या नावानं खडे फोडू नकोस, पोरी," माहेरच्या गावच्या दवाखान्यातली सिस्टर केलेरा म्हणाली होती. उनाइसीनं त्याच संध्याकाळी फोडले.

नाजूक जागी फोड उठले होते, लघवीला गेलं की डोळ्यांत पाणी यायचं. सिस्टरनं एका फोडावर कापसाची काडी फिरवली, ती तपासायला राजधानीत, सुवाला पाठवली आणि हर्पीस असावा म्हणाली. नवरा आपाकुकी बोटीवर खलाशी. बंदराबंदरात एकेक बाई असणार, हे मनात यायला असा कितीसा वेळ लागतो?

"कोण ती?"

"कुणी नाही. देवाशपथ."

उनाइसी कपडे बांधून माहेरी निघून आली.

आता आज दुपारी त्याचे काका त्याच्यासह होडीनं देवमाशाचा दात घेऊन येणार होते. नवरा चुकला की सासरचे तो दात पुढे ठेवतात, बाप हाती घेतो आणि बायको परत जाते. पुढे त्या गोष्टीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पण चूक झाली होती, हे साऱ्या गावानं ऐकलेलं असतं. 'मी काही केलेलं नाही, तरी तू परत यावीस म्हणून डोकं टेकवीन,' असा आपाकुकीचा निरोप आला, तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळच्या प्रार्थनेत ओठ हलत होते, मन मात्र धक्क्यावर जाऊन येत होतं. चटई विणायला घेतली तर चार पात्या घालायच्या आणि तीन उसवायच्या.

"चटई विणतेस की मासळीचं जाळं?" आई म्हणाली.

"आई, त्यानं केलंच नसेल तर?"

"मग बोटीवर काय भजनं म्हणत बसतो? खलाशी आहे तो, पाद्री नव्हे."

तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला. ती जवळजवळ धावतच गेली.

"हर्पीसच आहे," सिस्टरनं दार लोटून घेतलं. "पहिल्या प्रकारचा. लोकांच्या ओठावर येतो, तो बहुतेक हाच. आपाकुकीच्या ओठावर पुळ्या येतात का गं?"

"येतात की. ताप आला, ऊन लागलं की येतात. लहानपणापासून..." उनाइसीचे कान तापले. "तोंडातून... तिथे जातो?"

"जातो. पुळी असताना जास्त, पण काही दिसत नसतानाही जातो कधी कधी."

"म्हणजे तो बाहेर गेला नव्हता!"

"तसं तपासणी सांगत नाही, बाई. कुणाकडून आला, कधी आला, काही नाही. रक्त तपासलं तरी नाही. तुझ्याच अंगात कितीतरी वर्षं निजून असेल."

"मग मी कशावर विश्वास ठेवू?"

"ते काडीवर येत नाही."

त्यानं शपथ घेतली तेव्हा आपण त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं, हे तिला आत्ता आठवलं. बघायला हवं होतं. बोटीवरून आला की आधी तिच्या हातचं खाणारा, मग झोपणारा तो माणूस.

"गोळ्या घे," सिस्टर सांगत होती. "फोड असताना जवळ जायचं नाही. हा अंगातून जात नाही, पण त्यानं संसारही मोडत नाही. दिवस राहिले तर मात्र आधी मला सांगायचं. आणि त्याला तू सांग. दात पुढे ठेवण्याआधी."

"सांगते."

"नुसती मान नको हलवूस."

"वचन देते, सिस्टर."

घरी पुरुषमंडळी बसली होती, पाहुण्यांना द्यायच्या पेयासाठी यंगोनाची मुळं कुटणं चाललं होतं. एकदा दात बापाच्या हाती गेला की तिच्या बोलण्याला अर्थ उरणार नव्हता.

"होतीस कुठे? केस विंचर, येतीलच ते," आई कुजबुजली.

"येते मी," उनाइसी म्हणाली, आणि मागच्या दारानं, कुणाला चाहूल लागू न देता, धक्क्याच्या वाटेला लागली.