दिवसाउजेडी गोष्ट

"क्रिक?" आई म्हणाली.

मी दचकून इस्पितळाच्या खिडकीकडे पाहिलं. बाहेर तीनचं ऊन रणरणत होतं.

"वेड लागलंय का आई? अजून दिवस आहे!"

"दिसतंय मला. क्रिक?"

आमच्या हैतीत सांगणारा 'क्रिक?' विचारतो, ऐकणारा 'क्राक!' म्हणतो, मगच गोष्ट सुरू होते. पण ती दिवस मावळल्यावर. दिवसाउजेडी गोष्ट सांगितली किंवा ऐकली की सांगणाऱ्या-ऐकणाऱ्याची आई जाते. लिहिणं म्हणजेही सांगणंच, हा आईचा कायदा. त्यामुळे राण्या-राक्षसांच्या माझ्या सहाही कादंबऱ्या मी कंदिलापाशी बसून लिहिल्या. दिवसा पालिकेत जन्माच्या नोंदी केल्या. रात्रीच का लिहिता, असं पत्रकारांनी विचारलं की मी उकाड्याचं कारण पुढे करायची. शिकलेली बाई, खरं कोणत्या तोंडाने सांगणार?

सातवी कादंबरी मात्र अडली होती. तळ्याखालच्या राणीने पकडलेली मुलगी सुटकेसाठी तिला काय देते? गोष्ट आईची, आणि लहानपणी ती नेमकी इथेच थांबायची. "मोठी झालीस की सांगीन." आता मी त्रेपन्न वर्षांची झाले होते.

फोन वाजला. राजधानीतून प्रकाशक विल्नेर बोलत होते.

"रोझलोरबाई, छपाई खोळंबलीय. शेवट आज आला नाही, तर पुस्तक पुढच्या वर्षी."

"पाठवते."

"आई कशी आहे?"

"डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस."

बोलले आणि जीभ चावली. आईने ऐकलं होतं.

"मग तेच म्हणतेय मी," ती माझं मनगट धरून म्हणाली. "रात्र माझ्या वाट्याला नाही. अशीही चाललेच आहे. क्राक म्हण नि मोकळी हो."

"संध्याकाळपर्यंत थांब ना गं. तीनच तास."

"ते माझ्या हातात असतं तर तुझ्यामागे कशाला लागले असते? क्रिक?"

शब्द अगदी ओठांवर आला होता. तो उच्चारला की शेवट माझा होता. मी दात घट्ट आवळले. शेजारच्या खाटेवरची म्हातारी सेफोरा उठून बसली.

"म्हणू नकोस गं पोरी," ती पुटपुटली.

आईला हसू आलं. "पुस्तकातल्या पोरींना पाताळात धाडतेस, आणि तुझ्या तोंडून एवढासा शब्द निघेना! घाबरट कुठली." मग तिने खिडकीकडे तोंड वळवलं. "बरं. बघू वाट."

आम्ही दोघी उन्हावर नजर लावून बसलो. ते भिंतीवरून खाटेच्या पायाशी उतरलं. चारला तिने केळ्याच्या लापशीचे दोन चमचे घेतले. पाचला श्वास लांबायला लागले. मी एकेक मोजत होते. फोन पुन्हा वाजला तेव्हा बंद करून टाकला. सूर्याचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

साडेपाचच्या सुमाराला मनगटावरची तिची पकड सुटली. सेफोरा मोठ्याने रडू लागली. नर्स आली, नाडी बघून चादर ओढायला वाकली.

"थोडं थांबा," मी म्हणाले.

समोरच्या पत्र्यांवरचं ऊन गेलं. व्हरांड्यातला दिवा लागला. मी आईच्या कानाशी वाकले.

"क्राक," मी म्हणाले.